डॉलरचा जुना भाव काढायचा तर आधी तारीख वाचा

गेल्या मे महिन्यात संगमेश्वराजवळच्या आमच्या घराची माडी झाडताना पत्र्याची एक ट्रंक निघाली. आत थोरल्या काकांची अमेरिकेहून आलेली पत्रं, तांब्याची दोन भांडी आणि वाळवीने कडा खाल्लेलं बँकेचं पासबुक. काका १९६४ साली तिकडे शिकायला गेले होते. एका पत्राच्या कोपऱ्यात तारीख होती ५/७/६६ आणि खाली ओळ होती, "सोबत ३०० डॉलरचा ड्राफ्ट जोडला आहे, त्यातून कौलांचं काम करून घ्यावं."

माझा चुलतभाऊ कुलवृत्तांताची नवी आवृत्ती करतोय. त्याला ही ओळ म्हणजे घबाड वाटलं, फक्त पुढे कंसात रुपये हवे होते. तिथून गंमत सुरू झाली. त्याने इंटरनेटवर १९६६ सालचा दर पाहिला, ६.३६ मिळाला, तीनशेने गुणून १९०८ रुपये लिहून टाकले. त्याचा मुलगा म्हणाला, बाबा, जूनमध्ये अवमूल्यन झालं होतं, पत्र जुलैचं आहे, म्हणजे भाव साडेसात आणि रुपये २२५०. मी पत्र हातात घेतलं, उलटसुलट पाहिलं आणि म्हटलं, १४२८, किंवा त्याहून पाच-दहा रुपये कमीच. ड्राफ्ट एक, उत्तरं तीन, आणि तिन्हींना कुठल्या ना कुठल्या अधिकृत तक्त्याचा आधार.

मी पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी फोर्टातल्या एका शाखेच्या परकीय चलन विभागात. निवृत्त होऊन डोंबिवलीत बसले तरी "मावशी, तेव्हा डॉलर किती होता हो?" हा प्रश्न पाठ सोडत नाही. कुणाला आजोबांच्या बोटीवरच्या पगाराचा हिशेब लावायचा असतो, कुणाला मुलाला कंपनीने दिलेल्या शेअरवरचा कर भरायचा असतो. माझा उलटा प्रश्न ठरलेला: तेव्हा म्हणजे नेमकं कधी, आणि हवाय कशाला? ही दोन उत्तरं मिळाली की अर्धं काम झालं. ती न विचारता जो भाव सांगतो त्याच्यावर विसंबू नका, मग तो मोबाइल का असेना.

आमचं पत्रच घ्या. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. काकांना जाऊन दोन वर्षं होत आली होती, हाताला तिकडचं वळण लागलेलं. मग ५/७/६६ म्हणजे ५ जुलै की ७ मे? या दोन तारखांच्या मध्ये ६ जून १९६६ येते, आणि त्या दिवसापासून डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून एकदम साडेसात रुपयांवर गेला. एका तिरप्या रेघेवर ८२२ रुपये लटकलेले. पाकिटावरचं तिकीट पुढे कधीतरी माझ्याच धाकट्या भावाने अल्बमसाठी फाडून घेतलं होतं, त्याबरोबर पोस्टाचा शिक्काही गेला. मग मजकूर पुन्हा सावकाश वाचला. चौथ्या ओळीत काका लिहितात, "आज शनिवार, कपडे धुण्याचा वार, म्हणून सवड आहे." मोबाइलचं कॅलेंडर मागे मागे ढकलत १९६६ वर आणलं. ७ मे शनिवार, ५ जुलै मंगळवार. मिटलं. शिवाय ५ जुलैला लिहिलं असतं तर आदल्या दिवशीच्या त्यांच्या स्वातंत्र्यदिनाची आतषबाजी काकांनी पत्रात आणली नसती असं होणं नाही. आणि भर पावसात कोकणात कौलं उतरवायला कोण सांगेल, हे आम्हा शहाण्यांना सगळ्यात शेवटी सुचलं.

तेव्हा पहिलं काम हेच. भाव शोधायला बसण्याआधी तारीख पक्की करा. कागद अमेरिकेतला असेल आणि दोन्ही आकडे बाराच्या आतले असतील तर सावध व्हा. मजकुरात वार आहे का, सणवार आहे का, पाऊस-थंडीचा उल्लेख आहे का, ते पाहा. इकडच्या जुन्या वहीत नुसता शक लिहिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, आणि पौष-माघाच्या नोंदी असतील तर बहुतेक ७९, कारण इंग्रजी वर्ष तोवर बदललेलं असतं.

आता चुलतभावाच्या ६.३६ चं काय? तो आकडा खोटा नाही. १९६६ चे पहिले पाच महिने ४.७६, पुढचे सात महिने ७.५०, सगळ्यांची बेरीज भागिले बारा, की आलेच ६.३६. वर्षाची सरासरी ती. पण त्या अख्ख्या वर्षात असा एकही दिवस उगवला नाही, की बँकेच्या खिडकीवर डॉलर सहा रुपये छत्तीस पैशांना मिळाला. वर्षभराच्या निर्यातीचा हिशेब मांडणाऱ्याला किंवा दर महिन्याला मिळालेल्या पगाराची एकूण रक्कम काढणाऱ्याला सरासरी उपयोगी पडते. एका दिवशी एक ड्राफ्ट वटला असेल तर सरासरीला हात लावू नये. आणि घेतलीच, तर ती कॅलेंडर वर्षाची आहे की आर्थिक वर्षाची, तेवढं तरी पाहावं. जागतिक बँकेच्या तक्त्यात १९९१ ची सरासरी २२.७४ आहे, रिझर्व्ह बँकेच्या तक्त्यात १९९१-९२ ची २४.४७. दोन्ही बरोबर, फक्त महिने वेगळे. वर्षाचं नाव अर्धवट वाचलं की एका डॉलरमागे पावणेदोन रुपयांची चूक झालीच म्हणून समजा.

रुपया-डॉलरच्या बाबतीत एक सोय आहे. १९७१ पर्यंतचे भाव शोधावे लागत नाहीत, पाठच असतात, कारण ते वर्षानुवर्षं बदलायचेच नाहीत. मात्र ते पौंडाच्या वाटेने काढायचे. रुपयाची गाठ डॉलरशी नव्हती, पौंडाशी होती. १९२७ च्या कायद्याने रुपया १ शिलिंग ६ पेन्सचा ठरला, म्हणजे १८ पेन्स. पौंडाचे पेन्स २४०. २४० भागिले १८, झाले १३.३३. जुन्या वहीत १३-५-४ असं दिसलं तर गोंधळू नका: तेरा रुपये पाच आणे चार पै, तोच हा भाव. पहिल्या महायुद्धाआधीचा कागद असेल तर रुपया १६ पेन्सचा होता, म्हणून पौंडाला सरळ १५ रुपये. सोळा पेन्स की अठरा यावर मुंबईच्या व्यापाऱ्यांनी त्या काळी रान उठवलं होतं. चलनाचा प्रश्न तपासणाऱ्या हिल्टन यंग आयोगात बसून सर पुरुषोत्तमदास ठाकुरदासांनी अठरा पेन्सच्या विरुद्ध भिन्नमत नोंदवलं. डॉ. आंबेडकरांनी लंडनला डी.एस्सी.चा प्रबंध रुपयाच्या प्रश्नावर लिहिला होता, त्यांचीही याच आयोगापुढे साक्ष झाली. आपल्याला आज हे दोन आकडे वाटतात. तेव्हा त्यावर गिरण्यांचा नफा-तोटा ठरत होता.

पौंडावरून डॉलरवर यायला एक भागाकार पुरतो. १९४७ साली पौंड ४.०३ डॉलरचा होता. १३.३३ भागिले ४.०३ म्हणजे ३.३१. हे गणित मी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दर पंधरा ऑगस्टला टाकते, कारण त्याच दिवशी कुणीतरी न चुकता पाठवतं की स्वातंत्र्य मिळालं तेव्हा एक डॉलर एक रुपयाला होता. नव्हता. तीन रुपये तीस-एकतीस पैसे होता. एकास एक हवा असेल तर पौंड चार रुपयांना मिळायला हवा होता, आणि चार रुपयांना पौंड त्या काळातल्या कुठल्याच वहीत सापडणार नाही. त्याच ढकलपत्राची दुसरी तऱ्हा म्हणजे एका रुपयाला तेरा डॉलर मिळायचे. माझा तर्क असा की पौंडाचे तेरा रुपये कुणीतरी उलटे टांगले.

पुढची पायरी सप्टेंबर १९४९. ब्रिटनने पौंड ४.०३ वरून २.८० डॉलरवर आणला, आपण पौंडाबरोबर तेवढेच उतरलो. पौंड १३.३३ लाच राहिला, डॉलर मात्र १३.३३ भागिले २.८०, म्हणजे ४.७६ झाला, आणेवारीत ४-१२-२. पाकिस्तानने तेव्हा अवमूल्यन केलं नाही, म्हणून त्यांच्या शंभर रुपयांना आपले १४४ मोजावे लागू लागले. फाळणीनंतर कराची-मुंबई व्यवहार असलेल्या घरांतल्या कागदांवर 'रुपये' दिसले की कुणाचे रुपये, हे इथून पुढे विचारावं लागतं.

मग १९६६ चा जून. इंदिरा गांधी पंतप्रधान होऊन सहा महिनेही झाले नव्हते, अर्थमंत्री सचिंद्र चौधरी. डॉलर साडेसात, पौंड एकवीस. इथे बातम्यांत दोन टक्केवाऱ्या सापडतात, ३६.५ आणि ५७.५, आणि वाचणाऱ्याला वाटतं की एक चुकीची आहे. रुपयाकडून पाहिलं तर त्याची किंमत ३६.५ टक्क्यांनी घटली. डॉलरकडून पाहिलं तर तो ५७.५ टक्क्यांनी महागला. घटना एकच. जुन्या रकमेवर टक्के लावून नवी रक्कम काढण्याच्या फंदात पडूच नका, सरळ दोन भाव घ्या आणि गुणा.

नोव्हेंबर १९६७ ला ब्रिटनने पौंड पुन्हा घसरवला, २.४० डॉलरवर. या खेपेला आपण मागे गेलो नाही. डॉलर साडेसातच राहिला, पौंड एकवीसचा अठरा झाला. बापाने लंडनहून पैसे पाठवलेले आणि मुलाला ते १९६८ साली कमी झालेले दिसतात, ते यामुळे. मधे कुणी खाल्ले असं नाही. ऑगस्ट १९७१ ला निक्सनने डॉलरचं सोनं देणं बंद केलं आणि सगळी गाठोडी सुटली. डिसेंबरात आपण पुन्हा पौंडाला १८.९६७७ या भावाने बांधून घेतलं, पण १९७२ च्या जूनमध्ये पौंडच तरंगू लागला. सप्टेंबर १९७५ पासून रुपया अनेक चलनांच्या टोपलीला बांधला गेला. इथून पुढे पाठांतर संपलं, रोजचा भाव पाहायला हवा. ढोबळ अंदाज म्हणून १९८० साली डॉलर आठाच्या जरा खाली, १९८५ ला बाराच्या वर, १९९० ला साडेसतरा, एवढं लक्षात असलं की समोर आलेला आकडा वेडावाकडा आहे का ते कळतं.

रोजचा भाव कुठे मिळतो? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या सेंट लुईस शाखेचं 'फ्रेड' नावाचं संकेतस्थळ आहे, त्यात रुपया-डॉलरची रोजची मालिका जानेवारी १९७३ पासून फुकट उतरवता येते. पण तो न्यूयॉर्कमधला दुपारचा भाव, तिथल्या सुट्ट्या धरून. आपल्या रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर संदर्भ दरांचा, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या अधिकृत भावांचा, जुना साठा आहे. १० जुलै २०१८ पासून हा संदर्भ दर रिझर्व्ह बँक स्वतः काढत नाही, फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया ही संस्था काढते, त्यामुळे त्यानंतरच्या तारखांना तिकडे जायचं. वर्षांच्या आणि महिन्यांच्या सरासरीसाठी रिझर्व्ह बँकेचं आकडेवारीचं हँडबुक. उगाच भाव बदलून देणाऱ्या पहिल्याच संकेतस्थळावर जाऊ नका. त्यांतली काही रविवारचाही भाव दाखवतात. रविवारी भाव ठरवतं कोण? शुक्रवारचाच पुढे ओढलेला असतो, आणि तसं कुठे लिहिलेलंही नसतं.

आता पासबुकाकडे येते, कारण खरी मेख तिथे होती. पत्र ७ मेचं ठरलं म्हणून भाव ४.७६ ठरतो का? नाही. डॉलरचा ड्राफ्ट हातात आला म्हणजे रुपये झाले नाहीत. बँकेने तो तिथल्या तिथे विकत घेतला तर त्या दिवसाचा भाव लागतो. वसुलीला पाठवला, तर पैसे तिकडून जमा झाल्यावर बँक रुपयांत बदलते, त्या दिवसाचा. वसुलीला तेव्हा सहज महिना लागायचा. म्हणजे ७ मेचं पत्र, विमानाने वीस मेच्या आसपास पोचलं, आणि ड्राफ्ट वसुलीला गेला असता तर ६ जून उलटून साडेसातचा भाव लागला असता! चुलतभावाच्या मुलाचे २२५० चुकीच्या वाटेने का होईना, बरोबर निघाले असते.

पासबुकाचं ते पान वाळवीने उजवीकडून खाल्लं होतं, पण जमेचा रकाना शाबूत होता. २३ मे १९६६, जमा १४२१.५०. ३०० ने भागलं, ४.७३८ आला. हा उलटा भागाकार शिकून घ्या, याच्याइतकी पक्की साक्ष दुसरी नाही. तक्त्यातला भाव सांगतो की काय मिळायला हवं होतं; पासबुक सांगतं की काय मिळालं. ३०० गुणिले ४.७६ म्हणजे १४२८, आणि मधले साडेसहा रुपये ही बँकेने कापलेली वटणावळ. फरक इतका बारीक असेल तर तारीख आणि भाव दोन्ही जुळले. भागाकार ५.९० किंवा ६.८० असा मधलाच आला असता, तर मी समजले असते की रक्कम दोन वेळा आली आहे किंवा ड्राफ्ट डॉलरचा नव्हताच.

वटणावळीवरून आठवलं. कुठल्याही दिवशी बँकेत डॉलरचा भाव एक नसतोच. बँक तुमच्याकडून घेते तो वेगळा, तुम्हाला विकते तो वेगळा. त्यातही खात्यात तारेने आलेले पैसे, बिल आणि हातातल्या नोटा यांचे भाव वेगवेगळे. नोटांचा सगळ्यात वाईट, कारण त्या नुसत्या पडून राहतात. संदर्भ दर या सगळ्यांच्या मधला. तो कुठल्याच गिऱ्हाइकाला मिळत नाही. म्हणून मुलाच्या १९९८ च्या फीचा हिशेब करणाऱ्याने विक्रीचा भाव धरायचा, आणि काकांच्या ड्राफ्टचा हिशेब करणाऱ्याने खरेदीचा.

१९९१ ते ९३ या काळातले कागद असतील तर चहा ठेवा आणि निवांत बसा. मी तेव्हा त्या खिडकीच्या आतल्या बाजूला होते. १ जुलै १९९१ ला सोमवारी आणि ३ जुलैला बुधवारी, अशा दोन टप्प्यांत रुपया उतरवला. डॉलर एकवीसच्या जरा वर होता, तो तेविसावर आणि मग सव्वीसच्या जरा खाली गेला. म्हणजे 'जुलै १९९१ चा भाव' असं विचारणाऱ्याला तारखेशिवाय उत्तरच नाही. त्या आठवड्यात तर वारही लागतो. याहून गुंतागुंत पुढे. १ मार्च १९९२ पासून वर्षभर दोन भाव होते. निर्यातीचे किंवा बाहेरून आलेले पैसे असले की ४० टक्के सरकारी भावाने आणि ६० टक्के बाजारभावाने बदलायचे. त्या पद्धतीच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून आम्ही त्याला लर्म्स म्हणायचो. समजा १००० डॉलर आले, सरकारी भाव २५.९० आणि त्या दिवशीचा बाजारभाव ३० धरला. ४०० चे १०,३६०, ६०० चे १८,०००, मिळून २८,३६०. भागाकार केला तर २८.३६, आणि हा आकडा कुठल्याही तक्त्यात सापडणार नाही. एका निर्यातदाराच्या मुलाने दोन वर्षांपूर्वी बँकेने वडिलांना फसवलं अशी तक्रार घेऊन माझ्याकडे फाइल आणली होती. फसवलं नव्हतं, ते सक्तीचे चाळीस टक्के होते. १ मार्च १९९३ ला दोन्ही भाव एक झाले आणि डॉलर बराच काळ ३१.३७ वर जवळजवळ गोठून राहिला.

त्याच सुमाराच्या बँकेच्या सूचनांवर आणखी एक सापळा असतो. २ ऑगस्ट १९९३ च्या आधी आपल्याकडे भाव उलटा सांगायचे. एका डॉलरला किती रुपये असं नाही, शंभर रुपयांना किती डॉलर असं. कागदावर ३.१९ दिसलं की लोक म्हणतात, अरे वा, १९९३ ला डॉलर तीन रुपयांना? शंभराला ३.१९ ने भागा, ३१.३५ येतो. आम्हाला शिकवलेलं सूत्रही तेव्हा उलटं होतं, चढ्याने खरेदी आणि उतरत्याने विक्री. २ ऑगस्टला ते एका सकाळीत फिरवावं लागलं, आणि पुढचे पंधरा दिवस काउंटरवर प्रत्येक जण दोनदा आकडा तपासत होता. मी तर पुढच्याच वर्षी जपानी येनमध्ये तोंडघशी पडले. येनचा भाव एका येनचा नसतो, शंभर येनचा असतो. पाच लाख येनच्या बिलाला मी शंभराने भागायचं विसरले आणि दीड लाखाच्या जागी दीड कोटी लिहिले. सहीला गेलेल्या कागदावर साहेबांनी लाल पेन्सिलीने दोन शून्यांभोवती वर्तुळं काढून पाठवली. शब्द एक नाही.

कराचं काम वेगळंच. तिथे तुमच्या खात्यात काय जमा झालं याला किंमत नाही, नियम जो दिवस सांगतो त्या दिवसाचा भाव घ्यायचा. १९६२ च्या आयकर नियमावलीतला ११५ वा नियम स्टेट बँकेचा टीटी खरेदीचा, म्हणजे तारेने आलेल्या पैशांचा, भाव धरायला सांगतो, आणि भांडवली नफ्यासाठी विक्रीच्या आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा. भाच्याने अमेरिकी शेअर १७ ऑगस्टला विकले. त्याने १७ ऑगस्टचा संदर्भ दर धरून सुबक तक्ता केला होता. हवा होता ३१ जुलैचा स्टेट बँकेचा. शेवटचा दिवस सुट्टीचा असेल तर त्याआधीचा कामाचा दिवस धरण्याची रीत आहे. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे आणि नियमांचे क्रमांक बदलले आहेत, म्हणून आपल्या वर्षाचा नियम सीएकडून विचारून घ्या. मी कराचा सल्ला देत नाही, भाव कुठला ते सांगते. आणि स्टेट बँकेचा दिवसाचा तक्ता महिन्याच्या शेवटच्या दिवशी उतरवून फाइलला लावून ठेवा. दोन वर्षांनी शोधायला गेलात तर अर्धा दिवस जातो.

आखातातल्या घरांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी, रत्नागिरीकडे हे प्रश्न बरेच येतात. आजोबा १९५८ साली कुवेतला होते, पगार ४०० रुपये, मग तो दिनारवरून कसा बदलायचा? बदलायचाच नाही. तिथे तेव्हा आपलाच रुपया चालत होता. १९५९ च्या कायद्याने आखातासाठी वेगळ्या रंगाच्या नोटा निघाल्या, क्रमांकाआधी झेड अक्षर असलेल्या. कुवेतने दिनार आणला १९६१ ला, एका दिनारला १३ रुपये ३३ पैसे या भावाने. हा आकडा ओळखीचा वाटला तर बरोबर, पौंडाचाच तो. बहारीनने १९६५ ला दहा रुपयांना एक दिनार केला. बाकीच्यांनी बहुतेक १९६६ च्या अवमूल्यनानंतर रुपया सोडला, ओमानने १९७० पर्यंत ठेवला. गोव्याच्या कागदांना तर एकच भागाकार: शेवटच्या काही वर्षांत तिथे एस्कुदो होता, आणि मुक्तीनंतर सहा एस्कुदोंना एक रुपया मिळाला.

"म्हणजे आजचे किती?" हा प्रश्न शेवटी येतोच. ३०० डॉलरला आजच्या भावाने गुणलं तर पंचवीस हजारांच्या पुढे जातं, पण त्यात कौलं किती आली असती ते कळत नाही. तो महागाईचा हिशेब, विनिमय दराचा नाही. दोन्ही एका वाक्यात कोंबू नका. कुलवृत्तांतात तर मुळीच नको.

चुलतभावाला मी पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीने लिहून दिलं: ३०० डॉलर, दर ४.७६, वटणावळ वजा ६.५०, जमा १४२१.५०, पासबुक २३ मे १९६६. कुठल्याही जुन्या भावासोबत एवढं लिहिलं की पुढच्या माणसाला पुन्हा ट्रंक उघडावी लागत नाही. त्याने चष्मा वर करून दोनदा वाचलं. मग म्हणाला, ड्राफ्ट पोस्टात आणखी पंधरा दिवस अडकला असता तर आठशे रुपये जास्त मिळाले असते की. आजी हयात असेपर्यंत हेच म्हणायची, फक्त ती त्यात पोस्टमनचं नाव घेऊन म्हणायची, इतका वक्तशीर कशाला मेला.